'गब्बर इज बॅक' आणि साक्षीला टिकणारा माणूस

भुईकोट

लाचखोरीची बातमी वर्तमानपत्रात आली की सोलापुरातल्या कोणत्याही टपरीवर 'यांना गब्बरच पाहिजे' हे वाक्य ऐकू येते. अक्षयकुमारचा 'गब्बर इज बॅक' १ मे २०१५ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यानंतर दूरचित्रवाणीवर तो इतक्या वेळा दाखवला गेला की त्याची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. तरीही चर्चा भरकटू नये म्हणून ती थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातल्या दहा तहसीलदारांचे अपहरण होते, त्यांतल्या सर्वांत भ्रष्ट तहसीलदाराला फासावर लटकवले जाते आणि बाकीच्यांची सुटका होते. या कृत्यामागे 'गब्बर' या नावाने वावरणारा आदित्य नावाचा एक प्राध्यापक आहे. त्याचे जुने विद्यार्थी निरनिराळ्या सरकारी खात्यांत प्रामाणिकपणे नोकरी करतात आणि तिथल्या भ्रष्ट माणसांची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवतात. मूळ कथा ए. आर. मुरुगदास यांच्या २००२ सालच्या 'रमणा' या तमिळ चित्रपटाची असून हिंदी आवृत्ती क्रिश यांनी दिग्दर्शित केली.

माझे म्हणणे असे आहे की या चित्रपटाची सारी ताकद पुराव्यात आहे, पण त्याने प्रेक्षकांच्या टाळ्या मात्र फासाच्या दोरीला मिळवून दिल्या आहेत.

रुग्णालयाचा प्रसंग आठवून पाहा. सरकारी रुग्णालयाने मृत घोषित केलेल्या माणसाला आदित्य एका मोठ्या खासगी रुग्णालयात घेऊन जातो. तिथे त्या मृतदेहावर 'उपचार' सुरू होतात, औषधे मागवली जातात, पैसे भरायला सांगितले जाते आणि शेवटी गंभीर चेहऱ्याने 'आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही' असे कळवले जाते. मग आदित्य आधीच मिळवलेला मृत्यूचा दाखला समोर ठेवतो. संपूर्ण चित्रपटातला हा सर्वांत परिणामकारक प्रसंग आहे, आणि त्यातले शस्त्र म्हणजे एक कागद, त्यावरची वेळ आणि रुग्णालयाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नोंदी एवढेच आहे. हा प्रसंग कल्पणाऱ्या लेखकाला भ्रष्टाचार कसा चालतो आणि तो कसा उघडा पाडता येतो हे नेमके ठाऊक होते. पण त्यानंतर चित्रपट पुन्हा हाणामारीकडे वळतो आणि ती बुद्धी तिथेच मागे राहते.

दुसरी संपन्न कल्पना त्या विद्यार्थ्यांची आहे. एखाद्या कार्यालयात वर्षानुवर्षे स्वच्छ राहून काम करणे, टेबलाखालचे व्यवहार पाहणे, त्यांची नोंद ठेवणे आणि तरीही नोकरी टिकवणे, यात केवढे नाट्य आहे! सुनील ग्रोव्हर यांनी साकारलेला साधूराम हा पोलीस शिपाई पात्रता असूनही लाच न दिल्यामुळे वर चढू शकलेला नाही, आणि गब्बरपर्यंत पोहोचणारा माग काढतो तो हाच माणूस. मला तर तोच या कथेचा खरा मध्य वाटतो. एक पूर्ण चित्रपट त्याच्यावर उभा राहू शकला असता, पण त्याच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले आहेत.

या परंपरेतला आपल्या जवळचा चित्रपट म्हणजे १९८३ चा 'अर्ध सत्य'. श्री. दा. पानवलकर यांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा, गोविंद निहलानी यांचे दिग्दर्शन आणि दिलीप चित्रे यांची कविता, असा तो मराठी मातीतून उगवलेला हिंदी चित्रपट आहे. त्यातला पोलीस उपनिरीक्षक अनंत वेलणकर राजकारणात शिरलेल्या रामा शेट्टी या गुंडाला मारतो आणि स्वतः जाऊन पोलिसांच्या स्वाधीन होतो. तिथे प्रेक्षकाच्या मनात विजयाची भावना उरत नाही, उलट एक माणूस चिरडला गेल्याची जाणीव होते. 'गब्बर'मध्ये मात्र त्याच कृतीचा उत्सव होतो. या दोन चित्रपटांमधल्या बत्तीस वर्षांत प्रेक्षक म्हणून आपली सहनशक्ती संपली की आशा संपली, याबद्दल इथल्या जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

पूर्वभाग

उत्तम विषय काढलात. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातल्या अनेक तेलुगूभाषक घरांत ही कथा हिंदीच्या कितीतरी आधी पोहोचली होती, कारण 'रमणा'चा तेलुगू अवतार 'टागोर' २००३ मध्ये चिरंजीवी यांनी केला होता. कन्नडमध्येही विष्णुवर्धन यांचा 'विष्णु सेना' आला. तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या सोलापुरात एकच नायक तीन भाषांतून भेटतो, हे इथल्या लोकांना नवलाचे वाटत नाही.

तेलुगू आवृत्तीत नायकाला मृत्युदंड होत नाही. तमिळ आणि हिंदी आवृत्तीत होतो. चिरंजीवींचा चाहता आपला नायक फासावर गेलेला सहन करणार नाही, हे निर्मात्यांनी ओळखले असावे. मला मात्र या बदलामुळे कथा कमकुवत झाल्यासारखी वाटते. कायदा हातात घेणाऱ्याने त्याची पूर्ण किंमत मोजली पाहिजे, ही अट मूळ कथेने स्वतःहून पाळली होती आणि तिच्या नैतिकतेचा आधार तोच होता.

भुईकोट यांच्या प्रश्नाबद्दल थोडे वेगळे सांगतो. यंत्रमागावर बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला चित्रपटगृहात न्याय झालेला पाहायचा असतो, आणि ती भूक खोटी नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की अशा चित्रपटांत जनता कायम प्रेक्षक म्हणूनच उरते. 'गब्बर'मध्ये भ्रष्ट बांधकामामुळे इमारत कोसळते आणि आदित्यचा संसार तिच्याखाली गाडला जातो. तो पुरावे घेऊन आधी व्यवस्थेकडेच जातो, तिथे त्याचा घात होतो आणि मग एकटा माणूस सूडाला निघतो. घरांच्या बाबतीत आमच्या भागाचा अनुभव निराळा आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. पुढे रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. या घरांच्या लढ्याचे नेते, माजी आमदार नरसय्या आडम यांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, या घरांमागे हजारो बायकांचे मोर्चे, अर्ज, बैठका आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आहे. हिंदी चित्रपटाला या बायका दिसत नाहीत, याचे मला मनापासून दुःख होते.

होटगी रोड

मी दोघांशीही असहमत आहे आणि तसे स्पष्ट लिहितो.

आमच्या एका जवळच्या नातेवाइकांना मध्यरात्री एका खासगी रुग्णालयात नेले, तेव्हा अनामत रक्कम भरल्याशिवाय स्ट्रेचर पुढे सरकले नाही. पुढे ते गेले आणि बिल पूर्ण होईपर्यंत आम्ही देह मिळण्याची वाट पाहत बसलो. त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही कलम, नियम किंवा तक्रारीचा नमुना आठवला नाही. त्यानंतर जेव्हा 'गब्बर'मधला तो प्रसंग पाहिला, तेव्हा आमच्या घरातल्या सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्यावर जे घडले ते कोणीतरी मोठ्या पडद्यावर मोठ्या आवाजात सांगितले, ही गोष्ट लहान नाही. चित्रपटाने उपाय सुचवलाच पाहिजे, अशी अपेक्षा आपण प्रेमकथांकडून करत नाही. मग इथेच का करावी?

आणि भीतीचे काय? दहा तहसीलदारांपैकी एकाला शिक्षा झाल्यावर बाकीचे सुधारतात, हे चित्रपटातले गणित भाबडे असेल. परंतु पकडले जाण्याची भीतीच नसेल तर कोणताही कायदा चालत नाही, हे तर तुम्हीही मान्य कराल. २०२३ च्या 'जवान'मध्ये शाहरुख खानचा नायक मेट्रोतले प्रवासी ओलीस धरून शेतकऱ्यांच्या कर्जाचे पैसे त्यांच्या खात्यांत जमा करायला लावतो आणि पुढे सरकारी रुग्णालये काही तासांत सुसज्ज करून घेतो. वास्तवात हे अशक्य आहे, हे तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही 'मनात आणले तर हे काही तासांत होऊ शकते' हा विचार तिथे पेरला जातो, आणि माझ्या दृष्टीने तो मोलाचा आहे. त्याच चित्रपटाच्या शेवटी नायक मतदारांना उद्देशून सांगतो की लहानसहान वस्तू घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, मग मत देताना का विचारत नाही? तिथे जनता प्रेक्षक राहत नाही, पूर्वभाग साहेब.

साक्षांकित

होटगी रोड, तुमच्या घरावर जे गुदरले त्याबद्दल वाईट वाटले. वकील या नात्याने एक माहिती देणे माझे कर्तव्य समजतो. महाराष्ट्रातले शुश्रूषागृह नोंदणीचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले आहेत. त्यांनुसार रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते, आणि कोणत्याही कारणास्तव मृतदेह अडवून ठेवता येत नाही. हे वाक्य प्रत्येक घरात ठाऊक असायला हवे.

आता भीतीबद्दल. भीती शिक्षेच्या क्रौर्यातून येत नाही. शिक्षा होईल या खात्रीतून येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा आहे आणि २०१८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. लाच घेणाऱ्याला आता किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, आणि खटला शक्यतो दोन वर्षांत संपवावा असेही कायदा म्हणतो. कागदावर हे पुरेसे कठोर आहे. प्रत्यक्षात खटले मोडतात ते मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे कलम १९ खालची मंजुरी. लोकसेवकावर खटला भरायला सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, आणि ती फाईल कुठे किती काळ पडून राहील ते सांगता येत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे साक्षीदार. तक्रारदाराचे काम एव्हाना झालेले असते, आरोपी ओळखीतला असतो, मध्यस्थ घरी येऊन बसतात आणि साक्षीच्या दिवशी तक्रारदार 'मला नीट आठवत नाही' असे म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'नीरज दत्ता' प्रकरणात १५ डिसेंबर २०२२ रोजी निर्णय दिला की तक्रारदार फितूर झाला, मरण पावला किंवा साक्षीला उपलब्ध नसला, तरी इतर पुराव्यांवरून आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी आणि स्वीकार सिद्ध करता येतात. या निर्णयाने पुष्कळ बळ मिळाले आहे, परंतु 'इतर पुरावे' म्हणजे शेवटी आणखी कोणीतरी उभा राहिलेला माणूसच असतो.

हिंदी पडद्यावर हा माणूस मला जवळजवळ दिसत नाही. न्यायालयातली भाषणे असतात. मात्र साक्षीला टिकून राहण्यातला ताण कोणी दाखवत नाही.

जुनी गिरणी

साक्षांकित यांनी ज्या माणसाचा उल्लेख केला आहे, तो मी काही काळ होतो, म्हणून सविस्तर लिहितो. सरकारी नोकरीत असताना मला एका सापळ्यात पंच म्हणून बोलावले गेले. कोणते खाते, कोणता तालुका हे लिहिणार नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार आली की सापळा लगेच लागत नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदाराबरोबर एका पंचाला पाठवून खरोखर पैशांची मागणी होते आहे का ते ऐकले जाते आणि संभाषण ध्वनिमुद्रित केले जाते. नंतर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवतात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पांढरी भुकटी लावतात. ती भुकटी सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गेली की पाणी गुलाबी होते, हे आम्हा पंचांना आधीच करून दाखवले गेले. तक्रारदाराला बजावलेले असते की मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पैसे स्वीकारले की तो ठरलेली खूण करतो, पथक आत येते आणि त्या माणसाचे हात पाण्यात बुडवले जातात. माझ्या डोळ्यांसमोर पाणी गुलाबी झाले. चित्रपटात इथे पार्श्वसंगीत वाजले असते. प्रत्यक्षात खोलीत एवढी शांतता होती की बाटलीवर लाख लावल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि समोरचा माणूस रडत होता. त्याचे वय माझ्याएवढेच होते.

खरी परीक्षा त्यानंतरची. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे गेली. सोलापूर मोठे असले तरी सरकारी नोकरांचे सोलापूर लहान आहे. त्या माणसाचे नातेवाईक लग्नकार्यात भेटत, गड्ड्याच्या यात्रेत समोर येत. धमकी कोणीही दिली नाही. सगळे हात जोडत. 'साहेब, पोरीचे लग्न आहे, तुम्ही फक्त नक्की आठवत नाही एवढे म्हणा.' मला त्या मुलीची कणव येत होती आणि आजही येते. ज्या विधवेकडून वारसनोंदीसाठी पैसे मागितले गेले होते, तिच्याही मुली होत्या. माझी उलटतपासणी पूर्ण दिवस चालली आणि मी जे पाहिले तेच सांगितले.

'गब्बर'मधला तहसीलदार फासावर जातो, तेव्हा त्याच्या घरचे कोणी हात जोडून कोणापुढे येत नाही, कारण ज्यापुढे हात जोडावेत असा साक्षीदारच त्या जगात नाही. शिक्षा देणाऱ्याला समोरच्याचा चेहरा पाहावा लागत नाही. मला या चित्रपटात हेच सर्वांत खोटे वाटते.

भुईकोट

जुनी गिरणी काका, तुम्ही जे लिहिले आहे ते वाचल्यावर माझा मूळ मुद्दा मलाच अधिक नीट दिसला. 'हिंदुस्तानी' नावाने हिंदीत आलेल्या शंकर यांच्या १९९६ सालच्या चित्रपटात हा चेहरा एकदा तरी दाखवला गेला आहे, हे इथे नोंदवायला हवे. नादुरुस्त ब्रेकच्या बसला लाच घेऊन योग्यतेचा दाखला देणारा अधिकारी हा, भ्रष्ट लोकांना स्वतःच शिक्षा देणाऱ्या म्हाताऱ्या नायकाचा, सेनापतीचा, स्वतःचा मुलगा असतो. अपघातात शाळकरी मुले मरतात आणि हात जोडणारे त्याच्याच घरातले असतात. सेनापतीही शेवटी सुराच वापरतो, त्यामुळे माझा आक्षेप कायम आहे. परंतु भ्रष्टाचार 'त्यांच्या'त नसून आपल्या ताटात असतो, एवढे तरी त्या चित्रपटाने प्रेक्षकाला पाहायला लावले.

होटगी रोड, तुमच्या घरच्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याला मी कमी लेखत नाही. तो प्रसंग मलाही तितकाच भिडला, म्हणूनच त्याच बुद्धीने पुढचा सारा चित्रपट लिहिला गेला असता तर किती मोठे काम झाले असते, असे वाटत राहते.

हुरडा

मी महाविद्यालयात शिकते आणि इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. सर्वांचे वाचून मला शेवटच्या प्रसंगाबद्दल लिहावेसे वाटले. आदित्यला फाशी होणार असते, बाहेर विद्यार्थी जमलेले असतात आणि चित्रपट त्याला हुतात्म्याचे स्थान देतो. सोलापुरात वाढलेल्या मुलीला हे पाहताना चार हुतात्मा आठवणे साहजिक आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिशन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. मे १९३० मध्ये सोलापूरने इंग्रजांची सत्ता काही दिवस झुगारली होती, मग मार्शल लॉ आला, आणि पोलिसांच्या हत्येचा आरोप या चौघांवर ठेवण्यात आला. तो आरोप आणि त्यामागच्या साक्षी खोट्या होत्या, असेच आमच्या घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते.

म्हणून मला 'सर्वांत भ्रष्ट कोण' हे एका बंद खोलीत ठरवण्याची कल्पना भयंकर वाटते. गब्बरच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने चुकीची किंवा सूडाने माहिती दिली असती तर? चित्रपटात त्याची माहिती कधीच चुकत नाही, कारण लेखकाने तसे ठरवले आहे. ज्या शहराने साक्षीवरून चार माणसे गमावली, त्या शहराने तरी अपील नसलेल्या शिक्षेला टाळ्या वाजवताना थांबले पाहिजे.

साक्षांकित सरांना एक प्रश्न आहे. माझ्या एका मैत्रिणीकडे दाखल्यासाठी पैसे मागितले गेले आणि तिने ते बोलणे फोनवर मुद्रित केले आहे. तिने अजून पैसे दिलेले नाहीत. ते मुद्रण घेऊन ती जाऊ शकते का?

साक्षांकित

हो, जाऊ शकते, आणि लवकर जावे. १०६४ या निःशुल्क क्रमांकावर विभागाशी बोलता येते. पैसे देण्यापूर्वीच तक्रार केलेली असेल आणि नंतर सापळ्याचा भाग म्हणून पैसे दिले, तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही. एखाद्याला नाइलाजाने पैसे द्यावेच लागले असतील, तर दिल्यापासून सात दिवसांच्या आत त्याची माहिती तपास यंत्रणेला दिली पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरू शकतो, हे पुष्कळांना माहीत नाही.

मुद्रणाबद्दल सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला असून त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. ते तिच्याकडून योग्य वेळी करून घेतले जाईल. तोपर्यंत तिने मुद्रण कोणालाही पाठवू नये, समाजमाध्यमांवर टाकू नये, त्यात काटछाट करू नये आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नये. मागणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या टेबलावर झाली आणि तिथे आणखी कोण होते, हे आजच कागदावर लिहून ठेवायला सांगा. आणि तिची हरकत नसेल तर माझ्या नावाने इथे व्यक्तिगत निरोप पाठवा. तक्रार लिहिताना मी तिच्याबरोबर बसेन.

जुनी गिरणी

बेटा, मैत्रिणीला एकटीला पाठवू नकोस. विभागाच्या कार्यालयात मीही तिच्याबरोबर येतो.